श्रीनगर ते लेह : २५६ किलोमीटरांचा इतिहास

श्रीनगर आणि लेह या दोन विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे २५६ किलोमीटर आहे. रस्त्याने ते सव्वाचारशेच्या आसपास भरते. काफिल्यांच्या काळात झोजी ला खिंडीतून जाणाऱ्या या वाटेवर सुमारे दोन आठवडे मोडत. आज जेट विमान तासाभरात पोहोचते. मात्र अंतराला वेगाने भागले की वेळ मिळतो, हे शालेय गणित या मार्गावर अपुरे पडते. ते का, हे समजण्यासाठी १९४८ सालाकडे वळावे लागते.

त्या वर्षी मे महिन्यात कारगिल पडले आणि श्रीनगरहून लेहला जाणारा रस्ता तुटला. लेहच्या रक्षणाला मूठभर सैनिक होते. कुमक जायची तर ती आकाशमार्गानेच. पण तोवर लेहला एकही विमान उतरलेले नव्हते. सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने स्थानिकांच्या मदतीने सिंधूच्या खोऱ्यात धावपट्टी तयार करवून घेतली. २४ मे रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी मेजर जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन तिथे डाकोटा विमान उतरवले.

डाकोटाचा वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरांच्या आसपास. कागदावर हा प्रवास तासाभराचाच होता. खरी अडचण उंचीची होती. पर्वतरांगा ओलांडण्यासाठी विमान सुमारे २३,००० फुटांवर, म्हणजे सात किलोमीटर उंचीवर न्यावे लागले. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी असते. इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो, पंख्यांची पकड ढिली पडते. आणि डाकोटात हवेचा दाब राखण्याची सोयच नसल्याने वैमानिकांनाही त्याच विरळ हवेत काम करावे लागे.

उतरणेही सोपे नव्हते. लेहची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५६ मीटर उंच आहे. प्रमाण वातावरणात तेथील घनता समुद्रसपाटीच्या ७२ टक्के भरते. विमानाला उचलून धरणारे बल घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. म्हणून तेवढ्याच वजनाचे विमान येथे सुमारे १८ टक्के अधिक वेगाने जमिनीला टेकते. त्याची गतिज ऊर्जा ३८ टक्क्यांनी वाढते आणि थांबायला त्या प्रमाणात लांब धावपट्टी लागते. गंमत अशी की, वैमानिकासमोरचा वेगदर्शक हवेचा गतिज दाब मोजतो, त्यामुळे त्याचा काटा नेहमीचाच आकडा दाखवत राहतो.

विद्यार्थ्यांनी पुढचे गणित स्वतः करून पाहावे. प्रमाण वातावरणात या उंचीवर तापमान उणे ६ अंश सेल्सिअस धरले जाते. उन्हाळ्यातील दुपारी ते २५ अंशांवर गेले आणि दाब तोच राहिला, तर घनता २६७ भागिले २९८ या गुणोत्तराने घटते, म्हणजे ७२ टक्क्यांची सुमारे ६५ टक्के होते. त्यात दुपारी खोऱ्यातून जोराचे वारे सुटतात. लेहची प्रवासी उड्डाणे प्रामुख्याने सकाळी का असतात आणि गरम दिवशी विमानातले वजन का कमी करावे लागते, याचे उत्तर यात आहे.

मेहर सिंग उतरल्यानंतरच्या आठवड्यांत डाकोटा विमानांनी याच मार्गाने लेहला सैन्य आणि रसद पोहोचवली, आणि लेह वाचले. त्या खेपांतील प्रत्येक किलो वजन घनतेच्या याच हिशेबातून जात होते.