घाटमाथ्याच्या पाण्याचा हिशेब

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापड गिरण्या दुरून आणलेल्या कोळशावर चालत आणि त्यातील बहुतेक उष्णता वाफेच्या यंत्रांतून वाया जाई. 1910 मध्ये स्थापन झालेल्या टाटा जलविद्युत कंपनीने त्याला पर्याय म्हणून लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे पावसाचे पाणी अडवले व 1915 पासून खोपोलीच्या वीजगृहातून गिरण्यांना वीज पुरवली. योजनेचे खरे बळ उंचीत होते. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर, पाणी सुमारे 500 मीटर खाली येताना अंदाजे 1.36 युनिट ऊर्जा देते. नळांतील घर्षण, पेल्टन चक्रे (कडेच्या वाट्यांवर धार आदळून फिरणारी चाके) आणि जनित्रे यांतील घट धरून कार्यक्षमता, म्हणजे पाण्यातील ऊर्जेपैकी विजेच्या रूपाने हाती येणारा हिस्सा, 80 टक्के मानली, तर सुमारे 1.1 युनिट वीज उरते. हा ठोकताळा आहे, पण कामचलाऊ म्हणून हिणवण्याजोगा नव्हे. मात्र पूर्वेला इंद्रायणीतून वाहिले असते ते पाणी कोकणात उतरले, याची नोंद अशा आकडेमोडीत होत नाही, आणि बुडालेल्या भातखाचरांना तर तीत रकानाच नसतो. शेजारच्या मुळशी पेट्यात टाटांच्याच धरणाविरुद्ध 1921 मध्ये सत्याग्रह उभा राहिला, सेनापती बापट तुरुंगात गेले आणि धरण तरीही झाले.