सोलापुरी शेंगा चटणी : घराणे परदेशी, रीत इथली

सोलापुरी शेंगा चटणीला जिनसा पाचच लागतात: शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरे आणि मीठ. त्यांतल्या ज्या दोहोंवर तिचे नाव चालते, ते शेंगदाणा आणि मिरची दोन्ही बाहेरून आलेले आहेत. भुईमुगाचे मूळ दक्षिण अमेरिकेत, आजच्या बोलिव्हिया-अर्जेंटिनाच्या सीमाभागात आहे. मिरची मेक्सिकोकडची. कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेला पोहोचला आणि पुढच्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून ही पिके आपल्या किनाऱ्याला लागली. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात तलाव बांधला, तेव्हा इथे ज्वारी होती, तीळ होते, जवस होता. शेंगदाणा नव्हता आणि मिरचीही नव्हती.

चटणीची रीत मात्र या दोघांच्याही आधीची. तीळ, जवस, कारळे ही तेलबियांची त्रयी भाजायची, मिठाबरोबर कुटायची आणि कोरडीच ठेवायची, हे दख्खनच्या घराघरांतले जुने काम. नवा दाणा आला तो या तयार उखळात पडला. भाजला की सोलून निघतो, कुटला की तेल सोडतो, आणि तिळापेक्षा पोट लवकर भरतो. त्याच काळात भुईमूग चीनलाही पोहोचला. जिथे गेला तिथे त्याला आधीच्या स्वयंपाकाने आपल्यात ओढून घेतले. इंडोनेशियात तो सातेवरच्या रश्शात गेला, तेलंगणात पल्लीच्या पोडीत. सोलापुरात त्याची चटणी झाली, आणि गोडाच्या बाजूला शेंगापोळी.

सोलापुरातच ती इतकी का रुजली, याचे उत्तर पाऊस आणि गिरणी या दोन गोष्टींत आहे.

जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. खोल काळ्या रानात रब्बीची ज्वारी आणि करडई, हलक्या जमिनीत खरिपाचा भुईमूग. उन्हाळ्यात हिरवी भाजी महाग, पुष्कळदा मिळतच नाही. अशा मुलखात कालवणाची जागा घेणारे, न नासणारे काहीतरी डब्यात असावेच लागते. भाकरीही त्याच विचाराची. पातळ थापून, भाजून, वाळवून ठेवलेली कडक भाकरी कितीतरी दिवस टिकते. कडक भाकरी आणि शेंगा चटणी ही जोडी दुष्काळी भागाच्या हिशेबातून जुळली आहे.

१८६० मध्ये रेल्वे आली आणि १८७४ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल निघाली, तीच गावाच्या तोंडची ‘जुनी मिल’. मागोमाग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. आसपासच्या खेड्यांतून कुणबी आले, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून कानडी बोलणारे आले. पाळीच्या भोंग्यावर चालणाऱ्या माणसाला डब्यात सांडणारे, विटणारे कालवण नको असते. चटणीची पुडी आणि भाकरी फडक्यात बांधली की झाले. मराठी, तेलुगू, कानडी अशी तीन भाषांची घरे या एका चटणीवर एकमत झाली. तिन्हीकडे कोरड्या चटणीची सवय आधीपासून होतीच.

आता तंत्राकडे. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असते. मंद आचेवर भाजून, हातांनी चोळून टरफले पाखडली की तो उखळात किंवा डंकावर जातो. कुटताना मुसळ दाण्याला दाबते, कापत नाही. त्यामुळे तेल हळूहळू सुटते आणि तिखट, लसूण त्या तेलात मुरतात. चटणी चिमटीत दाबली तर गोळा होते, सोडली तर मोकळी होते. मिक्सरचे पाते दाणा कापते आणि तापवते. थोडा वेळ फिरवले तर कोरडा कूट, जास्त फिरवले तर लगदा. अमेरिकेत केलॉगने १८९५ मध्ये शेंगदाण्याच्या ज्या लगद्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याच वाटेवरचा. म्हणून जाणती गिऱ्हाइके आजही ‘कुटलेली आहे का?’ हे आधी विचारतात.

गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. चटणी उरली. घरगुती उद्योगांनी आणि महिला बचत गटांनी तिला पुडीत भरले आणि कडक भाकरीसह ती पुण्या-मुंबईच्या दुकानांत व परदेशी जाणाऱ्यांच्या बॅगांत पोहोचली.

नेमक्या याच काळात आशियाभरच्या बाजारांना खारट-तिखट आणि प्रथिनयुक्त खाऊ हवासा झाला आहे. गोड प्रोटीन बारला कंटाळलेले गिऱ्हाईक भाजलेले चणे, सोयाच्या चकत्या, मसाला शेंगदाणे मागते. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे घन पदार्थाला ‘प्रथिनांनी समृद्ध’ म्हणायचे, तर १०० ग्रॅममध्ये दैनंदिन गरजेच्या किमान २० टक्के प्रथिने लागतात, म्हणजे ढोबळमानाने ११ ग्रॅम. शेंगदाण्यात ती २५ ग्रॅमच्या आसपास असतात. लसूण-तिखटाची भर धरूनही चटणी ही अट सहज ओलांडते.

तरीही दोन गोष्टी खऱ्या सांगायला हव्यात. तेल निम्म्याच्या आसपास असल्याने ३० ग्रॅम चटणीत सात-एक ग्रॅम प्रथिनांबरोबर दीडशेच्या वर कॅलरी येतात. आणि ज्वारीत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, शेंगदाण्यातही ते फारसे नसते. ही उणीव दही भरून काढते. सोलापूरकर भाकरी-चटणीवर दही घेतात ते चवीसाठी, पण पोषणाचा हिशेबही त्यातच पुरा होतो.

म्हणून पुडी घेताना पुढच्या बाजूवरचे मोठे ‘प्रोटीन’ वाचू नका, पाठीमागची यादी वाचा. पाच जिनसा असतील तर घ्या. साखर, पामतेल, रंग असे काही पुढे लागले असेल, तर पुडी परत ठेवा आणि घरीच पावशेर शेंगदाणे भाजायला घ्या.