प्रभूच्या मेजावरचा पंक्तिभेद

दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाची कहाणी बहुधा १९४८ पासून सांगतात. त्या वर्षी नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि माणसांची रंगावरून विभागणी करणारे कायदे एकामागून एक होत गेले. माझे म्हणणे असे, की या कायद्यांची पायाभरणी त्याआधी नव्वद वर्षे झाली होती, आणि ती संसदेत नव्हे, रविवारच्या उपासनेत झाली. प्रभुभोजनाच्या ज्या मेजाशी एका भाकरीत सगळे वाटेकरी व्हायचे, तिथेच केप वसाहतीतल्या डच रिफॉर्म्ड चर्चने पंक्तिभेद मान्य केला.

तो मान्य करण्यापूर्वी याच चर्चने तो साफ नाकारलाही होता, हे विसरून चालणार नाही. सॉमरसेट वेस्टच्या मंडळीत मिश्र वंशाच्या एका सभासदाने प्रभुभोजनात इतरांबरोबर बसावे, हे काही गोऱ्या सभासदांना खपले नाही. प्रकरण १८२९ च्या सिनॉडपुढे, म्हणजे चर्चच्या महासभेपुढे, गेले. रंगाचा किंवा कुळाचा भेद न करता सर्वांना एकत्रच प्रभुभोजन द्यावे, हे देववचनावर उभे असलेले अढळ तत्त्व आहे, त्यावर खल करण्याचे कारण नाही, अशी भूमिका सिनॉडने घेतली. प्रत्येक गावात ती पाळली गेली असे नाही. पण डावलल्या गेलेल्या माणसाला दाद मागायची तर चर्चचाच शब्द त्याच्या बाजूने होता. १८५७ च्या सिनॉडने तो आधार काढून घेतला. सर्वांनी एकत्र उपासना करणे इष्ट आणि शास्त्राला धरून आहे, हे ठरावात आधी कबूल केले. मग ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ ते जमत नसेल, तर ख्रिस्ती झालेल्या स्थानिकांसाठी वेगळी इमारत आणि वेगळी उपासना चालेल, असे पुढे जोडले. म्हणजे बरोबर काय ते ठाऊक असताना सवलत दिली गेली. १८८१ मध्ये तिच्यातूनच मिश्रवंशीयांचे स्वतंत्र ‘मिशन चर्च’ उभे राहिले.

चर्च फक्त समाजामागून चालले होते, असा बचाव केला जातो. तो कालक्रमाला धरून नाही. १८२८ च्या पन्नासाव्या अध्यादेशाने केपमधल्या खोइखोइ लोकांना कायद्यापुढे समान स्थान दिले होते. १८३८ मध्ये पूर्वीचे गुलाम पूर्ण मोकळे झाले. १८५३ च्या घटनेत मताधिकाराला मालमत्तेची अट होती, रंगाची नव्हती. गोऱ्यांचा दुरावा समाजात होताच, पण वसाहतीचा कायदा निदान कागदावर जो भेद करीत नव्हता, तो चर्चने चार वर्षांनी आपल्या ठरावात आणला. भाषेची सबबही टिकत नाही. केपमधले बहुसंख्य मिश्रवंशीय डच किंवा तिच्यातून घडलेली बोलीच बोलत. प्रवचन त्यांना वेगळे समजावून सांगायची गरज नव्हती.

याहून वजनदार आक्षेप शास्त्राचा आहे. दुर्बळांना सांभाळून घ्या, असे प्रेषित पौलानेच सांगितले आहे ना? सांगितले आहे. पण मूर्तीला दाखवलेले मांस खावे की नाही, या वादात दुसऱ्याच्या विवेकाला ठेच लागू नये म्हणून बलवानाने स्वतःचा हक्क सोडावा, असे ते सांगणे होते. केपमध्ये जमीन, पैसा आणि मंडळीचा कारभार ज्यांच्या हाती त्यांनाच दुर्बळ म्हटले गेले, आणि हक्क सोडावा लागला तो त्यांच्या शेतावर राबणाऱ्यांना. अंत्युखियात प्रेषित पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, ख्रिस्ती लोकांच्या पंक्तीतून उठला, तेव्हा याच पौलाने त्याला सर्वांदेखत सुनावले होते. तो दाखला सिनॉडला लागू पडत होता.

सोने, हिरे, जमिनीची हाव आणि स्वस्त मजुरी यांनीच वर्णभेद घडवला असताना मेजाचे निमित्त कशाला, असेही कोणी म्हणेल. या गोष्टींचा वाटा मोठा होता, यात शंका नाही. पण हाव एकटी माणसाला निर्धास्त झोप देत नाही; ते काम धर्माच्या मान्यतेने केले. वंशावंशांतले विवाह बेकायदा करा, अशी मागणी याच चर्चने सरकारकडे लावून धरली आणि १९४९ मध्ये तसा कायदा झाला. अशी मान्यता नाकारताही येत होती: १९५७ मध्ये सरकारने गोऱ्या वस्तीतल्या उपासनेला काळ्यांना बंदी करण्याची तरतूद पुढे आणली, तेव्हा केपटाउनचे अँग्लिकन आर्चबिशप जेफ्री क्लेटन यांनी आपण ती पाळणार नाही, असे पंतप्रधानांना लिहिले. मिशन चर्चच्या लोकांना तर दुखणे नेमके कुठे आहे हे पक्के ठाऊक होते. १९८२ मध्ये ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चांची जागतिक परिषद भरली, तेव्हा मिशन चर्चचे ॲलन बोसाक यांच्यासह दक्षिण आफ्रिकेच्या काही प्रतिनिधींनी प्रभुभोजन घेण्यास नकार दिला: मायदेशी ज्यांच्या मेजाशी आम्हाला जागा नाही, त्यांच्याबरोबर इथे कसे बसायचे? परिषदेने वर्णभेदाचे धर्मशास्त्रीय समर्थन पाखंड ठरवले आणि दक्षिण आफ्रिकेतल्या दोन गोऱ्या चर्चांचे सभासदत्व स्थगित केले. परत यायचे तर काळ्या ख्रिस्ती लोकांना उपासनेत, विशेषतः प्रभुभोजनात, मज्जाव करणे थांबवा, ही अट घातली. त्याच वर्षी मिशन चर्चने वंशावरून केलेली फाळणी नाकारणारा बेलहारचा विश्वासनामा मांडला आणि १९८६ मध्ये तो स्वीकारला. एप्रिल १९९४ मध्ये मिश्रवंशीयांचे हे चर्च आणि त्याच परंपरेतले काळ्यांचे वेगळे चर्च एक झाले. १८५७ चा ठराव करणारे चर्च त्या ऐक्यात आले नाही.