भंगारातला स्टिरिओ आणि आमच्या बायांचा आवाज

मागच्या वर्षी श्रावणात, कानबाईच्या उत्सवाआधी आमच्या बचत गटाची बैठक होती. एक जण पदराखालून जुनी कॅसेट काढून म्हणाली, "सासूबाईंच्या पेटीत सापडली." वर निळ्या शाईत एवढंच लिहिलेलं : 'कानबाई, १९८८'. सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली. कानबाईच्या जागरणात त्या रात्रभर गायच्या. अहिराणीतली त्यांची गाणी आमच्यापैकी एकीलाही आता पुरती येत नाहीत. कॅसेट हातात होती, पण वाजवणार कशावर? अख्ख्या गावात चालू टेप राहिला नव्हता.

त्या कॅसेटमुळे आम्ही जुना स्टिरिओ शोधायला निघालो. शोधता शोधता आवाजाच्या यंत्रांचा इतिहासही कळत गेला. तो आज सांगतो, कारण त्यात आपल्याही वाट्याचं काही आहे.

आधी आली तबकडी. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं. गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचं नाव सांगायच्या. १९०८ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीचा कारखाना सुरू झाला, पुढे १९२८ साली डमडमला मोठा कारखाना उभा राहिला. या जुन्या तबकड्या लाखेच्या असत. लाखेचा किडा पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढतो. पळस आपल्या सातपुड्यात कोणाला ठाऊक नाही? जी लाख बांगडीत, तीच तबकडीत.

पण तबकडीवर कोणी गायचं, हे कंपनी ठरवायची. सुंदराबाई जाधव, हिराबाई बडोदेकर अशा नामवंत गायिकांचे आवाज त्यामुळे घरोघर गेले, हे चांगलंच झालं. शेतात, जात्यावर, लग्नात गाणाऱ्या बाईकडे मात्र कंपनी कशाला येईल? शिवाय जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटं चालायची. आपलं जागरण रात्रभराचं.

मग आला रेडिओ. तो घरात ठेवायला पोस्टातून परवाना काढावा लागे. ही पद्धत १९८० च्या दशकापर्यंत होती. आमच्या घरांत रेडिओ उंच फळीवर असायचा आणि बटण पुरुषांच्या हातात. आम्ही चुलीपाशी बसून ऐकायचो. पुढे ट्रान्झिस्टर आले, सेलवर चालू लागले, म्हणून वीज नसलेल्या पाड्यांपर्यंत पोचले. सेल उतरले की उन्हात ठेवून पुन्हा दोन दिवस चालवायचे, हे आपल्यापैकी कितीतरी जणींनी केलं असेल. तरीही रेडिओ आपल्याला ऐकवायचा, आपलं ऐकून घ्यायचा नाही.

खरा बदल केला कॅसेटने. १९६३ साली फिलिप्स कंपनीने ती बाजारात आणली. आपल्याकडे ती घरोघर पोचली १९८० च्या दशकात, 'टू-इन-वन'बरोबर. त्यात लाल खुणेचं एक बटण होतं. ते दाबलं की समोरच्याचा आवाज फितीवर उतरायचा. कंपनी नको, स्टुडिओ नको, कोणाची परवानगी नको. कोणी लग्नातली गाणी भरली, कोणी होळीची, कोणी आजीची गोष्ट. अहिराणी, पावरी, मावची, भिली, ज्या बोलीत बाई बोलते त्या बोलीत. तबकडीवर कंपनीला हवा तो आवाज होता, कॅसेटवर आपला आला.

शौकीन लोक जुना रेकॉर्ड प्लेअर शोधतात, त्याला भावही जास्त येतो. मुंबईच्या चोर बाजारात त्यासाठी दूरदूरची माणसं येतात. आमच्या कामाचा मात्र कॅसेटवाला स्टिरिओच होता.

बैठकीत वादही झाला. "भंगारात पैसे घालायचे का?" असं एकीने विचारलं. तिचं चुकीचं नव्हतं. म्हणून गटाच्या बचतीला हात लावला नाही. आम्ही बाराजणींनी शंभर-शंभर रुपये काढले. नंदुरबारला भंगारवाल्याकडे दोन स्पीकरचा जुना स्टिरिओ सातशेला मिळाला. दिवा लागत होता, रेडिओ खरखरत का होईना वाजत होता. आम्ही खूश होऊन घरी आलो.

आणि तिथेच चुकलो. धीर धरवेना, म्हणून पहिली तीच कॅसेट घातली. दोन ओळी ऐकू आल्या, मग आवाज घोगरा झाला आणि थांबला. झाकण उघडलं तर फीत रबराच्या चाकाभोवती गुंडाळलेली. हलक्या हाताने सोडवली, पण हातभर फीत चुरगळली. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर पळते. म्हणजे हातभर फितीत दहा सेकंदं. सासूबाईंच्या आवाजातली दहा सेकंदं आमच्या घाईने गेली. जिची कॅसेट होती ती काही बोलली नाही, त्यामुळे आम्हाला जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशी यंत्र मिस्त्रीकडे नेलं. त्याने उघडून एकेक दाखवलं. आत रबराचा पट्टा असतो, त्याला बेल्ट म्हणतात. वर्षानुवर्षं पडून तो सैल होतो किंवा डांबरासारखा चिकट होतो. फीत ओढणारं रबरी चाक कडक आणि चकचकीत झालेलं होतं. आवाज वाचणाऱ्या हेडवर तांबूस थर होता. फितीवर लोखंडाच्या गंजासारखी भुकटी असते, तीच घासून तिथे बसते. हेड आणि चाक आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसतात. पॉलिश पेपर हेडला कधी लावायचा नाही. नवा बेल्ट, साफसफाई आणि वाळलेले दोन कंडेन्सर बदलणं, सगळं मिळून साडेतीनशे झाले.

स्टिरिओ म्हणजे काय, तेही त्यानेच समजावलं. माणसाला दोन कान, म्हणून आवाजाच्या दोन वाटा, डावी आणि उजवी. १९३१ साली इंग्लंडमध्ये ॲलन ब्लुमलाइन या अभियंत्याने याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. म्हणून विकत घेताना बॅलन्सचं बटण पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवून बघायचं. एक बाजू मुकी असेल तर भाव कमी करायचा. गाणं रेंगाळत असेल तर बेल्ट गेलेला. बटण फिरवताना खरखर आली तर बहुधा धूळ, ती साफ होते. जळका वास आला तर लगेच बंद करायचं. आणि मागचं झाकण स्वतः उघडायचं नाही. वायर काढली तरी आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते.

मिस्त्रीने आधी बाजारातली एक फालतू कॅसेट दोन्ही बाजूंनी वाजवून घेतली. मगच आमची घातली.

सासूबाईंचा आवाज आला. मागे कोणाचं तरी लेकरू रडत होतं, भांडं पडल्याचा आवाज होता. दोन गाण्यांच्या मध्ये त्या विचारतात, "हाई चालू शे का?" कोणीतरी हसून हो म्हणतं, आणि त्या पुढचं गाणं उचलतात. आम्ही मिस्त्रीच्या दुकानात उभ्या होतो. कोणी काही बोललं नाही.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. काहींचं ध्वनिमुद्रणही झालं, आणि म्हणून त्या आवाजासकट आज ऐकता येतात. आपल्या जिल्ह्यातल्या पेट्यांत, फडताळांत अशा किती कॅसेटी असतील? दर पावसाळ्यात त्यांना थोडी थोडी बुरशी चढते आहे.

म्हणून बायांनो, एवढं करा. कॅसेटी कोरड्या जागी, स्पीकरच्या लोहचुंबकापासून लांब ठेवा. वरच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. प्रत्येक गावाला यंत्र नको, चार-पाच गटांत मिळून एक पुरे. वाजेल तेव्हा वायरीने मोबाइलमध्ये किंवा कॉम्प्युटरवर उतरवून दोन ठिकाणी ठेवा. आणि गाणारी कोण, गाव कोणतं, साल कोणतं, ते लिहून ठेवा. गौहर जान स्वतःचं नाव सांगून गेल्या. आपल्या आयांचं नाव आपण सांगायचं.

यंदा कानबाईला आम्ही सासूबाईंची दोन गाणी म्हटली. मधल्या दहा सेकंदांचे शब्द शेजारच्या गावातल्या एका आजींना आठवत होते. तेही आता भरून घेतले आहेत.