‘सरकारी’ युनिटने शिकवलेला धडा

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरी विणणाऱ्या आपल्या कामगाराच्या मोबाईलवर आज ‘एसआयपी’ची जाहिरात येते. पण म्युच्युअल फंडाचा इतिहास त्याला कुणी सांगत नाही.

१९६३ च्या कायद्याने युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया स्थापन झाली. १९६४ मध्ये दहा रुपयांच्या युनिटची ‘यूएस-६४’ योजना आली. सरकारी म्हणून सामान्यांनी डोळे झाकून विश्वास टाकला. २००१ च्या एप्रिल-मेमध्ये बड्या कंपन्यांनी आपले पैसे काढून घेतले. २ जुलैला युनिटची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी बंद झाली. अडकला तो छोटा बचतदार! २००३ मध्ये संस्थेचे दोन भाग झाले. ‘यूएस-६४’चा बोजा सरकारने, म्हणजे जनतेने उचलला, फंडांचा धंदा यूटीआय एएमसीकडे गेला. ही कंपनी २०२० मध्ये शेअर बाजारात उतरली.

१९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी विम्यावर राज्याचीच मक्तेदारी असावी आणि तशी तरतूद संविधानातच असावी, अशी मागणी केली. आम्ही त्याच वाटेने पुढे म्हणतो : नुसती सरकारी पाटी पुरत नाही. पैसा आपला असेल, तर निर्णयाच्या खुर्चीवर आपला माणूस हवा आणि हिशेब आपल्या भाषेत हवा. मित्रहो, सही करण्याआधी हिशेब मागायला शिका.

जय भीम!