ऐकणाऱ्यांचेही ऐकणारे घर : लोणावळ्याच्या ‘साधना’ची वाटचाल

खोपोलीहून बोरघाट चढला की लोणावळा लागते. लोक तिथे पाऊस बघायला जातात. कॅथलिक धर्मगुरू आणि धर्मभगिनी मात्र अनेक वर्षे तिथे जात आले आहेत ते स्वतःच्या मनाशी बसायला, ‘साधना’ संस्थेत.

संस्थापक फादर अँथनी डिमेलो जन्माने मुंबईचे. १९४७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते येशूसंघात दाखल झाले. तत्त्वज्ञान स्पेनमध्ये आणि मानसशास्त्र शिकागोला शिकून ते परतले. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशियस यांच्या परंपरेतली ध्यानशिबिरे घेताना एक तक्रार त्यांच्या कानी वारंवार येई : प्रार्थना कोरडी पडली आहे, पुढे सरकत नाही. जगाची दुःखे ऐकणाऱ्या धर्मगुरूंना स्वतःचा राग, एकटेपणा, भीती बोलून दाखवायला जागा नव्हती. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतरच्या मोकळ्या हवेत, १९७०च्या दशकाच्या आरंभी, पुण्याच्या डी नोबिली कॉलेजात ही जागा तयार झाली.

१९७८ साली संस्था लोणावळ्याला आली. त्याच वर्षी आणंदच्या गुजरात साहित्य प्रकाशने डिमेलोंचे ‘साधना’ हे पुस्तक काढले. त्यात ४७ ध्यानप्रकार आहेत. आरंभ अगदी साधा : दहा मिनिटे स्तब्ध बसायचे. मग खांद्यावरच्या सदऱ्याचा स्पर्श, नाकपुडीतून आत-बाहेर होणारा श्वास, दूरचे आवाज. गोएंका गुरुजींच्या विपश्यनेचे ऋण इथे स्पष्ट दिसते. प्रार्थनेइतकेच महत्त्व गटातल्या मोकळ्या बोलण्याला होते. वर्षानुवर्षे उपदेश करत आलेल्या माणसाला चारचौघांत ‘मला दुखले’ म्हणणे किती जड जात असेल! त्यासाठी महिनाभराची आणि कित्येक महिन्यांची अशी दोन्ही शिबिरे चालत.

जून १९८७मध्ये न्यूयॉर्कमध्ये डिमेलोंचे अचानक निधन झाले. वय अवघे ५५. सहकारी येशूसंघीयांनी काम थांबू दिले नाही. आपली माणसे महिनोन्‌महिने मोकळी करून इथे पाठवणाऱ्या धर्मप्रांतांचा आणि मठांचा वाटाही तेवढाच मोठा. १९९८ साली व्हॅटिकनच्या श्रद्धा-सिद्धान्तविषयक मंडळाने डिमेलोंच्या लेखनातील काही मतांबाबत सावधगिरीची सूचना काढली. तो घाव खोल होता. तरीही लोणावळ्याचे दार उघडे राहिले. नवी तुकडी आली, खोलीत गोल करून बसली, आणि पहिली दहा मिनिटे कोणी काही बोलले नाही.