कुत्र्याचा स्नायू दुखावल्यास...

गुळगुळीत लादीवरून दाराच्या घंटेकडे धाव घेताना मागचे पाय फाकणे, सोफ्यावरून चुकीच्या पद्धतीने उडी घेणे किंवा आठवडाभर सदनिकेत बसून काढल्यावर रविवारी मैदानावर तासभर चेंडूमागे पळणे, ही शहरातील कुत्र्यांचे स्नायू दुखावण्याची नेहमीची कारणे आहेत. बहुधा त्या क्षणी काही लक्षात येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्रा उठताना कण्हतो, पाय उचलून धरतो, जिना चढण्यास नकार देतो. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना मान वर जाते आणि निरोगी पाय टेकताना खाली येते. दवाखान्यात पोहोचताच अनेक कुत्रे घाबरून लंगडणे लपवतात, म्हणून घरातील चाल मोबाइलवर टिपून पशुवैद्यांना दाखवावी.

लंगडणे म्हणजे स्नायूचीच इजा, असे मात्र गृहीत धरू नये. गुडघ्याचे लिगामेंट तुटणे, खुब्याचा जन्मजात दोष, पंजात रुतलेला काटा, एवढेच काय, गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही कुत्रा लंगडतो. क्ष-किरण चित्रात हाड दिसते, स्नायू नीटसा दिसत नाही. कमरेच्या मणक्यांपासून मांडीच्या आतील बाजूस जाणारा इलिओसोआस हा स्नायू मागचे पाय घसरल्याने वारंवार ताणला जातो. त्याची इजा हाताने चाचपून आणि सोनोग्राफी करूनच कळते. कुत्रा पाय अजिबात टेकवत नसेल, सूज झपाट्याने वाढत असेल किंवा मागच्या पायाची टाच जमिनीकडे झुकली असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. टाच झुकणे हे तिच्यामागची जाड शीर तुटल्याचे लक्षण असू शकते.

पहिले दोन-तीन दिवस थंड शेक उपयोगी पडतो. बर्फ टॉवेलमध्ये गुंडाळून १० ते १५ मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा दुखऱ्या भागावर धरावा. गरम शेकाची वेळ सूज ओसरल्यावर येते. आपल्याकडे मुरगळलेल्या पायावर बाम चोळण्याची सवय असते. कुत्रा तो चाटून टाकतो आणि बाममधील मिथाइल सॅलिसिलेट त्याला विषारी ठरते.

याहून गंभीर चूक म्हणजे घरातल्या औषधांच्या डब्यातील वेदनाशामक गोळी देणे. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकमुळे कुत्र्याच्या जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलचा डोस चुकल्यास यकृताला इजा होते. (गिधाडांच्या मृत्यूस कारणीभूत ठरल्याने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारतात २००६मध्ये बंदी आली, हे अनेकांना आठवत असेल.) कुत्र्यांना देता येतील अशी मेलॉक्सिकॅमसारखी औषधे आहेत, परंतु त्यांची मात्रा वजनानुसार पशुवैद्यच ठरवतात.

खरी कसोटी लागते ती चौथ्या-पाचव्या दिवशी. वेदना कमी झालेली असते, शेपूट हलू लागते, कुत्रा तोंडात चेंडू घेऊन समोर उभा राहतो आणि घरच्यांना वाटते, बरे झाले! वास्तविक या काळात फाटलेल्या तंतूंच्या जागी नवी, कच्ची ऊती नुकतीच तयार होत असते. तिच्यावर ताण आला की ती पुन्हा फाटते. असे वारंवार झाल्यास स्नायूच्या जागी कडक, न ताणणारी व्रणऊती साठते आणि चाल कायमची बिघडू शकते. जर्मन शेफर्डच्या मांडीच्या स्नायूंमध्ये अशी आकुंचित व्रणऊती आढळते आणि शस्त्रक्रियेने काढली तरी बहुधा काही महिन्यांत ती पुन्हा तयार होते.

म्हणून सौम्य इजेस दोन ते तीन आठवडे आणि मध्यम इजेस साधारण सहा आठवडे संयम पाळणे भाग आहे. कुत्र्याला एका खोलीत किंवा मोठ्या पिंजऱ्यात ठेवावे. लादीवर सतरंजी अथवा रबरी पायपुसणी अंथरावीत, नखे आणि पंजाच्या गादीखालचे केस कापावेत. सोफा, जिना आणि इतर कुत्र्यांशी झोंबाझोंबी बंद. आधी नैसर्गिक विधींपुरतेच, पट्टा हाती धरून बाहेर न्यावे. पशुवैद्यांच्या अनुमतीनंतर पाच मिनिटांच्या संथ फेऱ्या सुरू करून दर आठवड्याला त्यात थोडी वाढ करावी. संथ चालताना दुखऱ्या पायावर आपोआप भार पडतो, धावताना कुत्रा तो पाय चुकवतो. सांधे हलक्या हाताने वाकवण्याचे व्यायाम दवाखान्यात पाहून शिकावेत. व्यायाम घटल्याने आहारही कमी करावा लागतो, अन्यथा वाढलेले वजन त्याच पायावर येते. घरातील आजी-आजोबांना हे सांगणे सर्वांत कठीण!

पुन्हा पळू द्यायचे केव्हा, हे ठरवताना शिंप्याची टेप कामी येते. मागचा पाय दुखावला असेल तर दर आठवड्याला दोन्ही मांड्यांचा घेर एकाच उंचीवर मोजून लिहून ठेवावा. दुखावलेली मांडी स्पष्टपणे बारीक असेल, तोवर चेंडू कपाटातच ठेवलेला बरा.